पंधरा वर्षं पार्लर चालवलं, आता वस्तीतल्या मुलींना शिकवायचंय: काय काय लागतं?

पितृपक्षात पार्लर ओस पडतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "ताई, पंधरा वर्षं पार्लर चालवतेय. आता वस्तीतल्या मुलींना शिकवावं म्हणतेय. क्वालिफिकेशन काय लागतं?" प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर फोनवर मावत नाही. मी निम्म्यावर पोचते तोवर पलीकडून "थांबा हां, गिऱ्हाईक आलं" असं होतं. म्हणून या वर्षी लिहूनच काढलंय.

हे कोण बोलतंय ते आधी सांगते. पुण्यात धनकवडीत बावीस वर्षं माझं पार्लर आहे, एका खोलीचं, दोन खुर्च्यांचं. गेली नऊ वर्षं आठवड्यातले चार दिवस दुपारी शिकवते. जनता वसाहत, अप्पर इंदिरानगर, मधे काही काळ येरवडा. शिक्षण बारावी. ब्युटीचा कोर्स लग्नाआधी सदाशिव पेठेतल्या एका बाईंच्या घरी केला. सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. अक्षर मोत्यासारखं. शिकवायला म्हणून ते जिथे जिथे दाखवलं तिथे तिथे लोकांनी अक्षराचं कौतुक केलं आणि कागद परत दिला.

तर फोन आला की मी उलट विचारते: शिकवणार कुठे? उत्तर तिथे दडलेलं आहे.

स्वतःच्याच पार्लरमध्ये दोन-चार मुली बसवून शिकवणार असाल तर तुम्हाला कोणी डिग्री विचारायला येणार नाही. शॉप अ‍ॅक्ट नीट असला म्हणजे झालं. फक्त शेवटी जो लॅमिनेट केलेला कागद तुम्ही मुलीला द्याल त्याचं वजन तुमच्या गल्लीपुरतं. गल्लीत तुमचं नाव असेल तर तेही कमी नाही म्हणा. पण तीच मुलगी पुढे कर्जाला किंवा एखाद्या सरकारी केंद्रात गेली की अडते.

सगळ्यात कडक दार आयटीआयचं. तिथे कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलामुलींना प्रवेश. आधी त्याला बेसिक कॉस्मेटॉलॉजी म्हणायचे, आणि जुन्या बायका अजून हेअर अँड स्किन केअरच म्हणतात. तिथे शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात. त्याला पोचायच्या तीन वाटा. एक, याच ट्रेडचं आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी, किंवा अ‍ॅप्रेंटिसशिपचं एनएसी, आणि वर तीन वर्षांचा अनुभव. दोन, कॉस्मेटॉलॉजीचा किमान दोन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव. तीन, या विषयातली डिग्री किंवा बी.व्होक. आणि एक वर्षाचा अनुभव. वय किमान २१. आणि तिन्ही वाटांवर पुढे एकच टोलनाका: शिकवण्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, एनसीआयसी. ते मिळतं सीआयटीएस नावाच्या एक वर्षाच्या कोर्समधून. त्याला देशभराची सामायिक प्रवेश परीक्षा असते आणि केंद्र सरकारच्या एनएसटीआय संस्थांमध्ये तो शिकवतात; मुंबईत महिलांसाठीची एक आहे. सरकारी आयटीआयमध्ये यानंतरही जाहिरात, भरती, परीक्षा हे सगळं आलंच. तुमची मुलगी विशीतली असेल आणि तिला या लायनीत पक्की नोकरी हवी असेल तर तिला हा रस्ता दाखवा. तुम्ही पंचेचाळीशीच्या, घरी सासू आजारी आणि पार्लरचं भाडं चालू, अशा असाल तर वर्षभर मुंबईला जाऊन बसणं कसं जमायचं? मला नाही जमलं. आम्हा बहुतेकींची वाट पुढची आहे.

ती म्हणजे कौशल्य योजनांची केंद्रं. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ पासून चालू आहे. त्याहून जुनं जन शिक्षण संस्थान. १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून ते सुरू झालं, आता ते कौशल्य मंत्रालयाखाली आहे. १५ ते ४५ वयाच्या, अजिबात न शिकलेल्या किंवा मधेच शाळा सुटलेल्या लोकांसाठीच ते काढलेलं, त्यामुळे ज्या मुली आपल्या डोळ्यांसमोर आहेत त्या नेमक्या तिथे सापडतात. या केंद्रांवर 'पार्लरचा कोर्स' असं काही नसतं, 'जॉब रोल' असतो. असिस्टंट ब्युटी थेरपिस्टचा नंबर बीडब्ल्यूएस/क्यू०१०१, ब्युटी थेरपिस्टचा बीडब्ल्यूएस/क्यू०१०२, हेअर स्टायलिस्टचा वेगळा, ब्रायडल मेकअपचा वेगळा. आपण सगळंच करतो, आयब्रोपासून नवरीपर्यंत. पण कागदावर तुम्हाला एक खण निवडावा लागतो आणि त्याच खणातलं शिकवता येतं.

इथल्या शिकवणाऱ्याला दोन कागद लागतात, हे लाल शाईने लिहून ठेवा. पहिला, ज्या जॉब रोलचं शिकवायचं त्याची स्वतः परीक्षा देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र, ब्युटी अँड वेलनेसच्या सेक्टर स्किल कौन्सिलचं, म्हणजे या क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचं. दुसरा, शिकवता येतं याचं, 'ट्रेनर' या जॉब रोलचं, नंबर एमईपी/क्यू२६०१. दोन्हींत किमान ८० टक्के. तयारी आणि परीक्षा ज्या शिबिरात होते त्याला सगळे टीओटी म्हणतात, म्हणजे ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स. शिवाय किमान शिक्षण आणि अनुभवाची वर्षं प्रत्येक जॉब रोलच्या पत्रकात शेवटी छापलेली असतात. पत्रकाची नवी आवृत्ती आली की ती बदलतात, तेव्हा मैत्रिणीने मागच्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, अर्ज भरताना स्वतः उघडून वाचा. प्रमाणपत्राला मुदत असते, ती संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

हाताला काम येतं पण कागद एकही नाही अशांसाठी आरपीएल आहे. आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी परीक्षा. वर्षभर वर्गात बसायला लागत नाही, थोडी ओळख करून देतात आणि तुमचं काम तपासतात. सदाशिव पेठेतल्या हस्ताक्षरानंतर माझा पहिला खरा कागद तोच.

तिसरं दार स्वयंसेवी संस्थांचं. पुण्यात महापालिकेच्या सहकार्याने चालणारी लाइटहाऊस केंद्रं आहेत आणि वस्तीपातळीवरच्या लहान-मोठ्या संस्था तर पुष्कळ. यांचे नियम त्यांचे त्यांचे. पण कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी दिलेला पैसा असला की कंपनीवाले हटकून विचारतात, ट्रेनर सर्टिफाइड आहे का? म्हणून वरचे दोन कागद तिथेही चालतात.

एक वाट मात्र टाळा, तिथे मी स्वतः पडलेय. कात्रजकडच्या एका अकॅडमीने 'इंटरनॅशनल मास्टर ट्रेनर' नावाचा दोन दिवसांचा कोर्स काढला होता. माझ्याकडून १८ हजार घेतले. शेवटी टोपी-गाऊन घालून फोटो, सोनेरी होलोग्रामचं सर्टिफिकेट, गळ्यात पट्टा. नवऱ्याने ते हॉलमध्ये फ्रेम करून लावलं. पुढच्याच महिन्यात एका केंद्रावर घेऊन गेले तर तिथल्या मुलाने मागे-पुढे फिरवून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, देणारी संस्था एनसीव्हीईटीची मान्यता असलेली आहे का?" मला ती अक्षरंही माहीत नव्हती. एनसीव्हीईटी म्हणजे अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांना मान्यता देणारी केंद्राची परिषद. पैसे भरायच्या आधी हा एकच प्रश्न विचारा. समोरचा "आमचं तर इंटरनॅशनल आहे" म्हणाला की पर्स बंद करा. म्हणजे परदेशी सगळंच खोटं असतं असं नाही. सिडेस्को १९४६ पासून आहे, सिटी अँड गिल्ड्स त्याहून कितीतरी जुनं, त्यांचे डिप्लोमा खरे आणि महाग. मोठ्या स्पामध्ये, क्रूझवर, परदेशात त्यांचा उपयोग होतो. जनता वसाहतीतल्या वर्गासाठी तेवढा खर्च करू नका.

माझी एक जुनी गिऱ्हाईक आता इंग्लंडमध्ये असते, तिलाही तिथे हेच शिकवायचं होतं. तिला लागलं काय? विषयाची पात्रता, 'अवॉर्ड इन एज्युकेशन अँड ट्रेनिंग' हे शिकवण्याचं प्रमाणपत्र, आणि मुलांबरोबर काम करायचं म्हणून डीबीएस नावाची पोलिसांकडच्या नोंदींची तपासणी. म्हणजे हाताचा कागद, शिकवण्याचा कागद आणि मुलांच्या सुरक्षिततेचा कागद. देश बदलला तरी तिघं तेच. आपल्याकडे तिसऱ्याची आठवण कोणी करून देत नाही, त्यावर पुढे येते.

मी टीओटीत नापास कशी झाले

पहिल्या खेपेला मला ७१ मिळाले. ज्या हाताने रोज वीस-पंचवीस जणींच्या आयब्रो होतात त्या हाताला ७१! परीक्षेला थ्रेडिंगचा डेमो होता. मी धागा ओढला, तीन मिनिटांत दोन्ही भुवया तयार, मॉडेल खूश. तपासनीस बाई म्हणाल्या, "काम सुंदर आहे. आता मला सांगा, तुमच्या पाठीकडे बसलेल्या मुलींना काय दिसलं?" मी पूर्ण वेळ वर्गाकडे पाठ करून उभी होते. वर "आता असा धागा घ्यायचा, असं करायचं" एवढंच बोलत होते. असा म्हणजे कसा?

घरी येऊन मी स्वतःच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बावीस वर्षांत तो काय करतो ते मला शब्दांत सांगता येईना. मग वहीत लिहिलं. हात ते कोपर एवढा दुहेरी धागा. टोकं बांधून गोल. दोन्ही हातांची अंगठा आणि तर्जनी आत. मधोमध सात-आठ पीळ. उजवी बोटं उघडली की पीळ डावीकडे पळतो, डावी उघडली की उजवीकडे. केस पिळाच्या टोकाशी, 'व्ही'च्या पोटात आला पाहिजे, पीळ केसावर घासता कामा नये. आणि धागा तोंडात धरायचा नाही. आमच्या पिढीने दातात धरला, तोच लाळेचा धागा गिऱ्हाइकाच्या डोळ्याजवळ नेला. आता गळ्यात अडकवा किंवा दोन्ही हातांनी करा, आणि एका बाईला एक धागा.

मुलींना मी पहिला आठवडा चेहऱ्याला हात लावू देत नाही. स्वतःच्याच पायावर, नडगीवर, आयब्रो पेन्सिलने भुवईचा आकार काढायचा आणि रेषेबाहेरचे केस धाग्याने काढायचे. ओढ चुकली की स्वतःलाच चावतं. कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची का असते हे मग सांगावं लागत नाही. एकीचा नडगीवरचा आकार इतका सुरेख आला की ती दोन दिवस सलवार वर सरकवून सगळ्यांना पायावरची भुवई दाखवत फिरत होती.

दुसऱ्या खेपेला पास झाले. गुण सांगत नाही, ८० पेक्षा जास्त होते.

कागदांच्या आधीचे कागद

यात बायकांचे महिनेच्या महिने जातात, म्हणून वेगळं सांगते. दहावी-बारावीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, पॅनवर अजून तिसरंच. ऑनलाइन नोंदणीत नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काही ठिकाणी पुरतं. पुरलं नाही तर राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घ्या. त्याला वेळ लागतो, तेव्हा सगळ्यात आधी हेच काम.

अनुभव सिद्ध करणं दुसरं. नोकरी केलेल्यांना पत्र मिळतं, स्वतःचं पार्लर असणारीला कोण देणार? शॉप अ‍ॅक्टचा कागद, उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंद), त्यावरच्या तारखा, हेच तुमचं अनुभवाचं पत्र. घरातल्या घरात, पडद्यामागे पार्लर चालवलं असेल तर आजच उद्यम नोंदणी करा, फुकट होते. पुढची वर्षं तरी मोजली जातील.

पोलीस चारित्र्य पडताळणीही करून ठेवा. कोणी मागो न मागो. मी वर्गात जाते तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुली असतात, आणि त्यांच्या आयांनी मला ओळखायचं कशावरून? हेपटायटिस बीचे तीन डोस घ्या: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ब्लेड, सुई, ब्लॅकहेड रिमूव्हर हाताळणाऱ्या बाईने हे कधीच करायला हवं होतं. आमच्यातल्या अर्ध्या जणींनी केलेलं नाही.

आपल्याला जे दिसतं

आता तो तिसरा कागद. खरं तर तो कागद नाही, कायद्याची माहिती आहे, पण ती नसेल तर मी कोणाला वर्गावर पाठवणार नाही.

आपण कातडीवर काम करतो. शाळेतल्या बाईंना जे दिसत नाही ते आपल्याला वॅक्सिंग शिकवताना दिसतं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हाताचं वॅक्सिंग चालू होतं, मुली एकमेकींवर करत होत्या. एकीने बाही वर केली आणि दंडावर आतल्या बाजूला ओळीने चार गोल डाग. मी मोठ्याने विचारलं, सगळ्यांसमोर, "अगं, हे काय झालं?" ती म्हणाली, तेल उडालं. मी म्हटलं, तेल असं ओळीने उडतं का? वर्ग गप्प. ती बारा दिवस आली नाही. तेराव्या दिवशी आली, पूर्ण बाह्यांचा कुडता घालून, आणि कोणाला हाताला हात लावू देईना.

मी काय करायला हवं होतं ते संस्थेच्या समुपदेशक ताईंनी नंतर सांगितलं. काही विचारायचं नाही. "बाही खाली कर, आज तू माझी असिस्टंट" असं म्हणून तिला दुसरं काम द्यायचं, आणि वर्ग सुटल्यावर संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगायचं. ती आपण होऊन बोलली तर ऐकायचं, खोदायचं नाही, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. कारण ते पाळता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. "नको ताई, घरचा मामला आहे" याला तिथे जागा नाही. इतर कुठल्याही अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा नंबर भिंतीवर लावा, मुलींना दिसेल असा. आमच्याकडे तो वॅक्स हीटरच्या वर आहे, तिथे सगळ्यांची नजर जातेच.

त्या मुलीच्या घरी समुपदेशक ताई पुढे बरेच महिने जात होत्या. कोर्स तिने पूर्ण केला. इतकंच सांगते, बाकीचं तिचं आहे.

फोटोंचंही याच खाली येतं. 'बिफोर-आफ्टर' टाकायची आपल्याला सवय. बालगृहातल्या किंवा कुठल्या प्रकरणात असलेल्या मुलीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. देणगीदाराला फोटो हवा असला तरी नाही. मी सरसकटच अठराखालच्या मुलींचे चेहरे टाकत नाही, हातावरची मेंदी आणि पाठमोऱ्या वेण्या टाकते. आणि वर्गात स्पर्शाला विचारून होकार घ्यायचा, रोज. "आज चेहऱ्याला हात लावला तर चालेल?" काही मुलींना फेशियल करून घ्यायला नकोच असतं, त्यांना पहिले काही दिवस डमी द्या.

शिकवायचं कसं, थोडक्यात सांगता येतं तेवढं

सहावीत शाळा सुटलेल्या मुलीला हेअर कलर शिकवायचाय. एक भाग रंग, दीड भाग डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड. तिला 'रेशो' शब्द माहीत नाही, पण "पाव किलो भेंडी चाळीस रुपये, तर दीड पाव किती?" हे ती माझ्याआधी सांगते. मग तेच झाकणाने मोजायचं. डेव्हलपरचे आकडे, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२, हे पाठ करून घेतलं की दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. मी फळ्यावर तीन मिरच्या काढते: घरचं तिखट, मध्यम, ठेचा. ४० म्हणजे ठेचा, टाळूला लावायचा नाही. गेल्या वर्षी अ‍ॅसेसर तोंडी परीक्षेला आले तेव्हा एकीने "सर, ठेचा" असंच उत्तर दिलं. मग जीभ चावून "बारा टक्के". बाहेरच्या माणसाने घेतलेली परीक्षा असते ती, आपण आत थांबू शकत नाही. दाराच्या फटीतून ऐकलं मी.

रंगाची पॅच टेस्ट ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, याला सूट नाही. लग्नघाईत काळी मेंदी मागतात तीही यातच येते. झटपट काळा रंग देणाऱ्या मेंदीत पीपीडी घातलेलं असतं, तेच केसांच्या रंगातलं रसायन, आणि हातावर फोड येतात. खरी मेंदी काळी नसते, रात्रभर ठेवून सकाळी नारिंगी आणि मग गडद होते.

आणि गोरेपणा. प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या दिवशी कोणीतरी विचारतं, "मॅडम, गोरं करायचं कधी शिकवणार?" बऱ्याचदा विचारणारी स्वतःच मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत असते. त्यातल्या कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ, लाल, उन्हात आग, बारीक लव, मुरमं. आणि बंद केलं की आणखी भडकतं. त्वचारोगतज्ज्ञांनी याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच ठेवलंय. ट्यूब अचानक सोडायलाही सांगू नका, डॉक्टरकडे पाठवा. आपलं काम क्लिनिंग, फेशियल, सनस्क्रीन. औषध देणं नाही. हा तास मी कुठल्या पत्रकात असो नसो घेते.

मुलगेही येतात आता, वर्गात तीन-चार असतातच. त्यांच्या घरी "आपल्यात हे काम कोणी केलं नाही" असं म्हणून भांडणं होतात. पहिल्या पगारापर्यंत चालतात, मग नाही.

वर्ग भरवताना

वेळ ठरवण्याआधी वस्तीत नळाला पाणी कधी येतं ते विचारा. एका बॅचला मी दुपारी चारची वेळ ठेवली आणि चार वाजता वर्ग रिकामा, कारण चारला पाणी. दोन ते साडेतीन केलं, हजेरी भरली. सरकारी योजनेत नोंदणीला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. मुलीचा नंबर भावाच्या नावावर, भाऊ मार्केटयार्डात हमालीला, ओटीपी त्याच्या खिशात वाजतो आणि तो उचलत नाही. नोंदणीचा दिवस भावाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवायचा, हे मला कुठल्याही टीओटीत शिकवलं नाही. लग्नसराईत मुली मेंदीच्या ऑर्डरला जातात तेव्हा रागावू नका, त्यांना त्या दिवसाचा हिशोब वहीत लिहून आणायला सांगा: किती हात, किती कोन, किती मिळाले. तोही अभ्यासच.

सामान बोहरी आळीत घाऊक घ्या, तुळशीबागेत मोह होतो आणि पैसे जातात. एका मुलीला एक टॉवेल, एक हेडबँड, धाग्याचं रीळ आणि स्वतःची कात्री एवढं पहिल्या दिवशी हातात द्या. वॅक्स पट्टीला लावण्याआधी आपल्या मनगटावर थेंब, मगच दुसऱ्याच्या हातावर, हे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशीही.

मानधनावर घर चालणार नाही, पार्लर बंद करू नका. मी सकाळी नऊ ते एक पार्लर बघते, दीडची बस पकडते.

पितृपक्ष पंधरा दिवसांचा. त्यातल्या पहिल्या दोन दिवसांत नावाचे सगळे दाखले एका टेबलावर पसरा आणि कुठलं जुळत नाही ते बघा. मग उद्यम आणि पडताळणीचा अर्ज. आरपीएल किंवा टीओटीची तारीख कधी लागते ते जवळच्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोन उचलत नाहीत. घटस्थापनेपासून गिऱ्हाइकांची रांग लागेल, तेव्हा मला फोन करू नका, मीही उचलणार नाही.